चिंता कोणाला वाटते?

तमिळ देशात मदुरेच्या दक्षिणेस तिरुच्चुळी नावाचे प्राचीन शिवक्षेत्र आहे. तेथील वकील सुंदरम् अय्यर आणि अळगम्माळ या दांपत्याच्या पोटी ३० डिसेंबर १८७९ रोजी वेंकटरामन नावाचा पुत्र जन्मला. पुढे सारे जग त्यांना श्रीरमण महर्षी म्हणून ओळखू लागले. १८९२ साली वडील निवर्तले आणि मुलास मदुरेत काकांच्या आश्रयास राहावे लागले. मुलगा अंगाने सुदृढ व खेळांत रमणारा होता. अभ्यासात त्याचे विशेष लक्ष नव्हते. वेदान्ताचा एकही ग्रंथ त्याने वाचलेला नव्हता.

१८९६ च्या जुलै महिन्यात एके दिवशी तो माडीवर एकटाच बसला असता, शरीरास कोणताही विकार नसताना, आपण आता मरणार असे भय त्याच्या मनात अकस्मात उभे राहिले. अशा वेळी मनुष्य वैद्यास बोलावितो, किंवा आपल्या मागे घरच्यांचे कसे होईल या विचारात गढतो. एका विचारातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे जाळे विणले जाते आणि मूळ भय त्या जाळ्यात अधिकच पुष्ट होते. सोळा वर्षांच्या त्या मुलाने कोणासही हाक मारली नाही. तो हातपाय ताठ करून प्रेतवत् आडवा झाला, ओठ मिटून त्याने श्वास रोधला, आणि मरण म्हणजे नेमके काय, मरते ते कोण, हे तेथल्या तेथे पाहू लागला. देह स्मशानात जाईल. परंतु हे सारे जाणणारा जो आत आहे, तो या क्षणीही जसाच्या तसा जागा आहे, असे त्यास स्पष्ट दिसले. हा अनुमानाने काढलेला सिद्धान्त नव्हता. तर्काची पायरी न चढताच वस्तू प्रत्यक्ष व्हावी, तसे ते ज्ञान होते. मृत्यूचे भय त्या दिवशी गेले, ते पुन्हा कधीच आले नाही. भयाशी त्याने वाद घातला नाही. भय ज्याला वाटत होते त्याच्याकडे दृष्टी वळविली, एवढेच केले.

त्यानंतर शाळेत त्याचे मन लागेना. २९ ऑगस्ट १८९६ रोजी, भावाची फी भरण्यासाठी मिळालेल्या ५ रुपयांतून ३ रुपये घेऊन आणि उरलेले २ रुपये चिठ्ठीसह ठेवून, त्याने घर सोडले. फी भरलेली नाही, हेही त्या चिठ्ठीत लिहिण्यास तो विसरला नाही. १ सप्टेंबरला तो तिरुवण्णामलै येथे अरुणाचलेश्वराच्या मंदिरात पोहोचला, आणि ते क्षेत्र सोडून पुन्हा कधीही गेला नाही.

अरुणाचलाच्या विरूपाक्ष गुहेत राहणाऱ्या या मौनी तरुणाकडे पुढे नाना प्रकारचे चिंताग्रस्त लोक येऊ लागले. १९०७ साली काव्यकंठ गणपतिशास्त्री आले. ते संस्कृतातील आशुकवी व प्रकांड पंडित होते आणि मंत्रजपात त्यांनी अनेक वर्षे वेचली होती. तथापि तप म्हणजे काय, ही शंका त्यांचे अंतःकरण पोखरीत होती. महर्षींनी त्यांस नवे शास्त्र सांगितले नाही. ‘मी’ हे स्फुरण जेथून उठते तेथे लक्ष द्यावे, जपाचा ध्वनी जेथून निघतो तेथे लक्ष द्यावे, मन तेथेच लीन होते आणि तेच तप, इतकेच सांगितले. विद्येचा भार वाहून थकलेल्या त्या पंडितास तेवढ्याने विश्रांती मिळाली. महर्षी हे नाव त्यांनीच रूढ केले, आणि अठरा अध्यायांची श्रीरमणगीताही त्यांनीच रचली.

शिवप्रकाशम् पिळ्ळै यांची गोष्ट गृहस्थांस अधिक जवळची वाटेल. हे महसूल खात्यातील अधिकारी. १९०२ साली त्यांनी विचारलेल्या प्रश्नांस महर्षींनी लिहून जी उत्तरे दिली, त्यांतूनच ‘नान् यार्’ हे प्रसिद्ध पुस्तक सिद्ध झाले. परंतु असे पुस्तक ज्यांच्या निमित्ताने झाले, त्यांचेही चित्त पुढे डळमळले. १९१३ साली पत्नी वारल्यावर पुन्हा विवाह करावा की नाही, करावा तर पैसा कोठून आणावा, या विवंचनेने त्यांस ग्रासले. गुहेत येऊनही ते प्रश्न उच्चारण्याचे आज उद्यावर टाकीत राहिले. नुसते बसून महर्षींची वृत्ती पाहता पाहता, आपणास विवाह करावयाचा नाही, हे त्यांस आतूनच उमगले.

यावरून महर्षी विवाहाच्या विरुद्ध होते असा अर्थ कोणी काढू नये. संसार सोडू काय, असे विचारणाऱ्या गृहस्थांस ते बहुधा घरीच राहून आत्मविचार करण्यास सांगत. स्थान बदलले तरी मन बरोबरच येते, असा त्यांचा अभिप्राय असे.

भगवद्गीतेतील ४२ श्लोक त्यांनी निवडून ‘गीतासार’ म्हणून क्रमाने लावले आहेत. चंचल मन जेथे जेथे धावेल तेथून परत आणून आत्म्यात स्थिर करावे, हा सहाव्या अध्यायातील उपदेश त्यांत आहे. परत आणणे हे पुनःपुन्हा करावयाचे आहे, एकदाच नव्हे, हे साधकाने ध्यानात ठेवावे.

१९४९ साली त्यांच्या डाव्या हाताच्या असाध्य अर्बुदावर चार शस्त्रक्रिया झाल्या. भक्त व्याकुळ होत. त्यांचे सांत्वन रोगीच करी. दुर्बळ अवस्थेतही दर्शन बंद करू नये, असा त्यांचा आग्रह होता. १४ एप्रिल १९५० च्या संध्याकाळी त्यांनी सेवकांस आपणाला उठवून बसविण्यास सांगितले. बाहेर भक्तमंडळी अरुणाचलाचे स्तोत्र गाऊ लागली. ते ऐकून त्यांच्या नेत्रांतून अश्रू ओघळले. रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी श्वास शांतपणे थांबला.