गाडगेबाबा आणि दारू सोडवणारी श्रद्धा

गाडगेबाबा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो हातातला खराटा, मातीचे गाडगे आणि चिंध्यांचा अंगरखा. शाळेच्या पुस्तकांत ते स्वच्छतेचे संत म्हणून भेटतात. पण खराटा हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या आयुष्यात दारू येऊन गेली होती. ती त्यांनी स्वतः प्यायली नव्हती. ती त्यांच्या वडिलांनी प्यायली आणि तिची किंमत घरातल्या सगळ्यांनी मोजली.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे, परीट समाजात. आई सखुबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते. पुढे झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. जमीनजुमला, गुरेढोरे, घरातला पैसा असे एकेक करत सगळे गेले. शेवटी शरीरही गेले. १८८४ साली झिंगराजी वारले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता.

त्या काळच्या गावगाड्यात दारू फक्त गुत्त्यावर मिळत नव्हती. ती देवाच्या दारातही होती. नवस फेडायचा तर बोकड कापायचे, कंदुरी करायची, भाऊबंदांना जेवण घालायचे आणि जेवणाबरोबर दारूही वाढायची. बारसे असो, लग्न असो की तेरावे, दारू वाढली नाही तर यजमानाची अब्रू जाई. पिणाऱ्याला आपण काही चुकीचे करतो असे वाटायचे कारणच नव्हते. तो देवाचे आणि जातीचे कर्तव्य पार पाडत होता. श्रद्धेमुळे दारू सुटते असे आपण आज सहज म्हणतो. पण श्रद्धेच्या आधाराने दारू घरात शिरते, ही दुसरी बाजू डेबूजींनी बालपणीच पाहिली.

वडिलांमागे सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुरे गाव आहे. तिथे मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, शेतीची सगळी कामे शिकून घेतली. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामाचीही शेती गेली. आधी दारू आणि मग कर्ज, अशी दोन घरे या मुलाने वयात येण्यापूर्वी बुडताना पाहिली. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते या दोन्हींविरुद्ध बोलत राहिले, ते या अनुभवातून.

वैद्यकीय अंगाने पाहिले तर डेबूजींना धोका मोठा होता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की दारूच्या व्यसनाचा निम्मा धोका आनुवंशिकतेतून येतो. बाकीचा निम्मा घर, मित्र, रीतिरिवाज आणि दारू किती सहज मिळते यावर ठरतो. डेबूजींच्या बाबतीत दोन्ही पारडी जड होती. वडील व्यसनी होते आणि समाजात दारू प्रतिष्ठेची होती. तरीही ते दारूकडे वळले नाहीत. म्हणजे आनुवंशिकता धोका वाढवते, पण निकाल लावून टाकत नाही. दारूड्या बापाच्या मुलांकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे आणि त्या मुलांनीही ठेवावे.

त्यांना सावरणाऱ्या गोष्टींत भजन होते. दिवसभर शेतात राबायचे आणि रात्री गावातल्या सोबत्यांना जमवून भजनाला बसायचे. ज्या वेळी गावातले इतर पुरुष गुत्त्याची वाट धरत, त्या वेळी हे टाळ घेऊन बसलेले असत. आजच्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या दिनक्रमातही संध्याकाळची वेळ मोकळी सोडत नाहीत. पिण्याची ओढ सगळ्यात जास्त त्याच वेळी लागते, हे त्यामागचे कारण आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पुढे घरात मुलगी जन्मली आणि बारशाचा प्रसंग आला. रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायला हवी होती. डेबूजींनी दोन्हींना नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले. आलेली मंडळी नाराज झाली, पण ते मागे हटले नाहीत. आज हा प्रसंग लहान वाटतो. पण जातीच्या पंगतीत रीत मोडणारा माणूस त्या काळी वाळीत पडण्याचा धोका पत्करत असे. डेबूजींनी कुणाच्या हातातला प्याला हिसकावून घेतला नाही. त्यांनी आपल्या दारात दारूला मान देणे थांबवले. एका घरात दारूशिवाय बारसे झाले की दुसऱ्या घराला तसे करण्याची वाट मोकळी होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. बारा वर्षे गावोगाव फिरले. डोक्यावर गाडगे, हातात खराटा, अंगावर गोधडीसारखे ठिगळांचे वस्त्र. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारे साफ करायची. कुणी भाकर दिली तर त्याचे काहीतरी काम करूनच ती खायची. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले ते त्या गाडग्यावरून. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन इथे यात्रा भरते. तिथल्या यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधवून घेतला. लोकसेवेच्या त्यांच्या मोठ्या कामांची सुरुवात तिथली.

रात्री कीर्तन असे. कीर्तन म्हणजे बुवांनी बोलायचे आणि लोकांनी ऐकायचे, अशी रीत होती. बाबा मात्र लोकांनाच प्रश्न विचारत. दारू पिऊन कुणाचे भले झाले का, कर्ज काढून सण करून कुणाला देव भेटला का, मुक्या जनावराचा बळी घेऊन कुणाचे मूल बरे झाले का, अशा अर्थाचे प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत विचारत आणि समोरची हजारो माणसे एका सुरात उत्तर देत. उत्तर लोकांच्याच तोंडून येई. शेवटी गोपाळाच्या नामाचा गजर होई.

आज व्यसनाच्या उपचारात समुपदेशक हीच वाट वापरतात. रुग्णाला उपदेश केला की तो वाद घालतो. प्रश्न विचारले की तो स्वतःच कारणे शोधतो, आणि स्वतः शोधलेले कारण जास्त काळ टिकते. निरक्षर गाडगेबाबांना हे लोकांत वावरून उमगले होते.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच काही घडत होते. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दारूने पोळलेले दोन गृहस्थ एकत्र आले. त्यांतला एक शल्यविशारद होता. एकमेकांना आधार देत न पिता राहायचे आणि स्वतःहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, हा त्यांचा मार्ग. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने या मार्गावरचे अभ्यास एकत्र तपासले. या सभांशी रुग्णाला नीट जोडून देणारे उपचार दीर्घकाळ पूर्ण दारू सोडण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. श्रद्धा आणि सोबत यांचा उपयोग होतो, असे म्हणायला आता पुरावा आहे.

बाबांच्या कामाचा दुसरा मोठा भाग म्हणजे धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी वारीत उघड्यावर पडणाऱ्या दलित वारकऱ्यांसाठी उभी केली. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी निवाऱ्याची सोय केली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण त्यांतला पैसाही त्यांनी स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी घेतला नाही. त्यांनी कुणाला शिष्य केले नाही. कुणाला पाया पडू दिले नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि काम संस्थेच्या हाती गेले.

बाबांच्या श्रद्धेत औषधाला जागा होती. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा, मुलांना शिक्षण या त्यांच्या शिकवणीत रोग्याला औषधोपचार हेही एक कलम आहे. नवस आणि अंगारे-धुपारे यांवर त्यांनी कीर्तनात सतत कोरडे ओढले. रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधणारा संत आजाऱ्याला कुठे पाठवत होता, हे वेगळे सांगायला नको.

आज याची आठवण ठेवण्याची गरज आहे. दर आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी कळंब, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरमार्गे पंढरपूरला जाते. म्हणजे बाबांच्या वऱ्हाडातून निघालेली वाट धाराशिव जिल्ह्यातून जाते. तेरला गोरोबाकाकांचे स्थान आहे, तुळजापूरला भवानी आहे. गावोगावी असे माळकरी भेटतात, की ज्यांची दारू गळ्यात तुळशीची माळ पडल्यावर सुटली. माळेमुळे माणसाला न पिण्याचे एक सन्मानाचे कारण मिळते. मित्रांनी आग्रह केला तर माळकरी आहे एवढे सांगितले की पुरते. सोबतीला दिंडी असते, एकादशी असते, वर्षाची वारी असते. ही ताकद खोटी नाही.

पण माळ घातल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांत शरीरात काय होते, हे घरच्यांना माहीत असायला हवे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. त्यांना नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली किंवा देवाचा कोप झाला. हा कोप नव्हे, हा मेंदूचा आजार आहे आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. रुग्णालयात यावर ठरलेले उपचार आहेत: मेंदू शांत करणारी औषधे काही दिवस देऊन ती हळूहळू कमी करणे आणि सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. आधी फिट आलेल्या, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागणाऱ्या, कावीळ किंवा रक्ताची उलटी झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू एकदम तोडू नये.

नकळत जेवणात घालायच्या पुड्यांचेही तेच. त्यांत काय आहे हे बहुतेकदा विकणाराही सांगत नाही. दारूची शिसारी आणणारे डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला न सांगता दिले आणि तो प्यायला, तर उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते.

निवासी केंद्र निवडताना, ते भजनाचे असो वा समुपदेशनाचे, काही गोष्टी पाहाव्यात. दाखल करताना डॉक्टर तपासतात का? नोंदणी आहे का? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण, साखळी, उपाशी ठेवणे असे काही चालते का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधायला मनाई केली आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने माणुसकीने चालणारे निवासी केंद्र कसे असते हे महाराष्ट्राला दाखवले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही याचे उपचार होतात. पुन्हा प्यायला म्हणजे सगळे वाया गेले, असे समजू नये. हा मधुमेह-रक्तदाबासारखा पुन्हा डोके वर काढणारा आजार आहे. उपचार पुन्हा सुरू करायचे असतात.

गाडगेबाबा शेवटपर्यंत फिरत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वाहनातच त्यांचे निधन झाले. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

झिंगराजी गेले तेव्हा दारूच्या आजारावर आजच्यासारखे उपचार नव्हते. डेबूच्या हाती वडिलांना देण्यासारखे काहीच नव्हते. आज ज्या घरात आठ वर्षांचा मुलगा बापाची वाट पाहत जागा आहे, त्या घराजवळ माळही आहे आणि रुग्णालयही आहे. दोन्हींची वाट त्या बापाला दाखवता येते. फक्त पहिल्या आठवड्यात रुग्णालयाची वाट आधी धरावी.