क्षीण लहरींचा पारखी : फेलिक्स ब्लॉख

रेडिओवर परभणी केंद्र लावतांना खुंटी फिरवितां फिरवितां खरखर मागें पडते व एकच आवाज स्पष्ट होतो, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. अनेक लहरींतून हवी ती निवडावी व वाढवावी, हीच विद्या पदार्थाच्या अंतरंगास लावणाऱ्या एका शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

फेलिक्स ब्लॉख यांचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं दि. २३ ऑक्टोबर १९०५ रोजीं एका ज्यू कुटुंबांत झाला. जर्मनींत लाइपझिग येथें हायझेनबर्ग यांच्या हाताखालीं १९२८ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. परंतु १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता येतांच त्यांना तो देश सोडावा लागला. पुढील वर्षीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत त्यांना आश्रय मिळाला.

दुसऱ्या महायुद्धांत हार्वर्ड येथील रेडिओ प्रयोगशाळेंत शत्रूचें रडार निष्प्रभ करण्याच्या कामीं ते लागले, व रेडिओविद्येंत पारंगत झाले. युद्ध संपतांच ती विद्या त्यांनीं ज्ञानकार्यास जुंपली. पाण्यांतील हायड्रोजनचा अणुगर्भ हा जणूं सूक्ष्म लोहचुंबकच. बलवान चुंबकाच्या क्षेत्रांत तो भोंवऱ्याप्रमाणें डोलतो, आणि त्या डोलण्याशीं जुळणारी रेडिओलहर मिळाली म्हणजेच उत्तर देतो. अडचण ही कीं, विचारणारी लहर प्रबल आणि उत्तर अत्यंत क्षीण. ब्लॉख यांनीं तारेचीं दोन वेटोळीं परस्परांशीं काटकोनांत ठेविलीं. एकानें लहर सोडावी, दुसऱ्यानें उत्तर तेवढें ऐकावें, व वर्धकानें तें मोठें करावें, अशी ही योजना. १९४६ सालीं हॅन्सन व पॅकार्ड यांच्यासह त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. हार्वर्ड येथें पर्सेल व त्यांचे सहकारी यांनींही स्वतंत्रपणें तो लाविला होता. म्हणून १९५२ चें नोबेल पारितोषिक ब्लॉख व पर्सेल या उभयतांस विभागून मिळालें.

स्टॅनफर्ड येथेंच आपले एस्. एस्. धर्मट्टी यांनीं अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह १९५१ सालीं दाखविलें कीं, मद्यार्कांतील हायड्रोजन एक नव्हे, तीन निरनिराळे संकेत देतो. अणूचे शेजारी कोण, हें त्यावरून कळतें. पुढें धर्मट्टी यांनीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ही विद्या रुजविली.

ज्या युरोपांतून जावें लागलें, तेथेंच जिनेव्हा येथील अणुसंशोधन संस्थेचे पहिले महासंचालक म्हणून १९५४ सालीं ब्लॉख परतले. दि. १० सप्टेंबर १९८३ रोजीं झुरिच येथें त्यांचें देहावसान झालें. आज रुग्णालयांत चाकू न लावतां मेंदूचें चित्र दाखविणारें एम्. आर्. आय्. यंत्र याच शोधाचें फळ होय. प्रतिकूल काळाच्या कोलाहलांतही ज्ञानाचा क्षीण स्वर ज्यानें ढळूं दिला नाहीं, त्या पुरुषाचें स्मरण आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ठेवावें.