ल्यूथर बरबँक
ल्यूथर बरबँक (७ मार्च, इ.स. १८४९ - ११ एप्रिल, इ.स. १९२६) हे अमेरिकन उद्यानविद्यातज्ज्ञ होते. त्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर येथे झाला. चार्ल्स डार्विन यांच्या ग्रंथामुळे ते वनस्पतींच्या संकराकडे वळले. बटाट्याच्या एका फळातील २३ बियांची रोपे वाढवून त्यांनी भरघोस उत्पन्नाचा वाण निवडला. त्याचे हक्क १५० डॉलरना विकून ते १८७५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी शास्ता डेझीसह शेकडो वाण विकसित केले. हजारो रोपांतून मोजकीच राखून उरलेली ते नष्ट करीत. तपशीलवार नोंदी न ठेवल्याने शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीका केली. त्यांच्या हयातीत नव्या वाणांना पेटंटचे संरक्षण नव्हते. तसा कायदा अमेरिकेत १९३० मध्ये झाला. त्यांच्या बटाट्यापासून उपजलेला 'रसेट बरबँक' आजही फ्रेंच फ्राइजसाठी वापरला जातो.