रँग्लर परांजपे
कोकणातील मुर्डी या लहानशा खेड्यात १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली ते गणिताच्या अभ्यासासाठी केंब्रिजला गेले. तेथील ट्रायपॉस परीक्षेत नुसते उत्तीर्ण होऊन भागत नसे. पुढची वाट क्रमांकावर ठरे. निकालाच्या दिवशी विद्यार्थी सिनेट हाउसमध्ये धडधडत्या उराने उभे राहत. नावे गुणानुक्रमे मोठ्याने वाचली जात, आणि प्रत्येक परक्या नावासरशी आपले स्थान एकेक पायरी खाली जाई! १८९९ सालच्या यादीत पहिल्याच स्थानी दोन नावे होती. त्यांतील एक परांजप्यांचे. पहिल्या आलेल्यास सीनिअर रँग्लर म्हणत. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुढे ते पुण्यास परतले व फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर गणित शिकवू लागले.