राज्यव्यवहारकोशकार रघुनाथपंत हणमंते

लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास ही नावे दिल्लीकर मुलांना तोंडपाठ असतात. नाम आधी, विशेषण मागाहून आणि दोहोंना सांधणारा 'इ', ही फारसीची रीत त्या नावांत दिसते. सतराव्या शतकात दिल्लीपासून विजापूर-गोवळकोंड्यापर्यंत राजसत्तेचे कागद याच वळणाने लिहिले जात. ते वळण पुरते जाणून मराठी राज्याला स्वतःची परिभाषा देण्याचे कार्य ज्यांच्या नावावर आहे, ते रघुनाथ नारायण हणमंते होत.

हणमंते घराण्यात कारभाराची परंपरा होती. वडील नारो त्रिमल हे शहाजीराजांच्या पदरी होते. रघुनाथपंतांनी कर्नाटकात व्यंकोजीराजांचा कारभार पाहिला. परंतु मतभेद झाल्याने ते तेथून निघाले व शिवाजी महाराजांना येऊन मिळाले. 1677 च्या दक्षिण दिग्विजयात त्यांच्या अनुभवाचा मोठा उपयोग झाला. जिंकलेल्या मुलखाच्या व्यवस्थेचा भारही पुढे त्यांच्यावर आला.

त्या काळचा सरकारी कागद सामान्य रयतेस दुर्बोध असे. क्रियापद मराठी असले तरी मायना आणि नामे बहुधा फारसी-अरबी असत. 'कारकुनानि हाल व इस्तकबाल' याचा अर्थ आताचे व पुढे येणारे कारकून. 'कारकून'ला अनेकवचनाचा 'आन' आणि जोडणारा 'इ' लागला आहे, हे न कळणाऱ्यास हुकूम कोणास उद्देशून आहे हेही उमगत नसे. सारा, वतन आणि न्याय अशाच कागदांवर अवलंबून असल्याने वाचणाऱ्या कारकुनाच्या शब्दावर विसंबण्यावाचून गावकऱ्यास गत्यंतर नसे.

6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतरच्या काळात महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. प्रत्यक्ष श्लोकरचना धुंडिराज व्यास यांची असावी, असे काही अभ्यासक मानतात. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्गांत सुमारे 1,400 शब्दांना संस्कृत पर्याय या ग्रंथात दिले आहेत. दुर्ग, शस्त्रे, लेखन, बाजारपेठ, सारे काही त्यात आले.

हे काम केवळ संस्कृत जाणणाऱ्याचे नव्हते. मूळ शब्दाची फोड ठाऊक असल्यावाचून पर्याय नेमका बसत नाही. 'मजमू' म्हणजे एकूण बेरीज. ती सांभाळणारा तो मुजुमदार. 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट. ती लिहिणारा तो वाकनीस. 'नीस' हा फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी राज्यात मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. नावे पालटली, तरी कामाची आखणी कायम राहिली. फारसीचा हा त्याग अज्ञानातून आलेला नव्हता. त्यामागे तिचे पक्के ज्ञान होते.

या प्रयत्नाचे फळ एका पिढीत दिसणारे नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजले, तेव्हा 1628 च्या पत्रात मराठी शब्द शेकडा 14 च्या आसपास, तर 1728 च्या पत्रात शेकडा 93 च्या वर आढळले. तरीही अर्ज, दफ्तर, तहसील, कारकून हे शब्द मराठीत नांदतच राहिले. लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द कोशाच्या आज्ञेने जात नाही, आणि तो जाण्याची गरजही नसते.

प्रश्न दुर्बोधतेचा असतो, आणि तो जुना झालेला नाही. 2019 साली दिल्ली उच्च न्यायालयात पोलिसी फिर्यादींतील अनवट उर्दू-फारसी शब्दांचा विषय आला, तेव्हा मुद्दा हाच होता की ज्याची फिर्याद त्याला ती वाचून कळली पाहिजे.

आज राजधानीतील मंत्रालयांच्या दारांवर 'मंत्री' आणि 'सचिव' या पाट्या आहेत, तर मराठी मंडळांच्या कार्यकारिणीत 'चिटणीस' आहेत. पहिले दोन शब्द रायगडाच्या राजसभेत मानाने बसले होते. तिसऱ्यात फारसी 'नवीस' अजून लेखणी धरून आहे. रघुनाथपंतांना या तिन्ही शब्दांची कुळकथा ठाऊक होती.