गावातल्या अंत्यविधीचं २२ फुटी चित्र काढलं अन् पॅरिस खवळलं! शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट

मोठं चित्र कुणाचं काढायचं? राजाचं, देवाचं, नाहीतर लढाई जिंकणाऱ्या सेनापतीचं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये हीच रीत होती. शेतकऱ्याच्या एका पोराने ती मोडली. त्याचं नाव गुस्ताव कुर्बे.

कुर्बेचा जन्म १० जून १८१९ चा. गाव ओर्नां, फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेकडे. घरची शेती आणि द्राक्षमळे, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. वयाच्या विसाव्या वर्षी तो पॅरिसला गेला. तिथल्या लूव्र संग्रहालयात जुन्या उस्तादांची चित्रं बघून बघून हात बसवला. सरकारी प्रदर्शनात सुरुवातीला त्याची बरीचशी चित्रं नाकारली गेली. १८४९ मध्ये मात्र सुवर्णपदक मिळालं. त्याचा फायदा असा, की पुढची चित्रं परीक्षकांच्या परवानगीशिवाय थेट भिंतीवर लागणार होती.

मग कुर्बेने गावाकडची चित्रं आणली. एकात रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा म्हातारा आणि फाटक्या कपड्यातला पोरगा. दुसऱ्यात ओर्नांमधला एक अंत्यविधी. हे दुसरं चित्र सुमारे २२ फूट लांब आणि १० फूट उंच! त्यात चाळीसहून जास्त माणसं, तीही जवळपास खऱ्या मापाची. महापौर, पाद्री, कबर खणणारा, रडणाऱ्या बाया, कुर्बेची आई आणि बहिणी. समोर उघडा खड्डा आणि बाजूला एक कुत्रा. मेलं कोण, ते मात्र चित्रात कुठेच कळत नाही.

१८५०-५१ च्या प्रदर्शनात चित्र लागलं आणि वाद पेटला. माणसं कुरूप आहेत, पाद्र्यांची टिंगल केलीय, असे आरोप झाले. पण खरं दुखणं वेगळं होतं. साध्या गावकऱ्यांना राजाच्या मापात का रंगवलं? १८४८ च्या क्रांतीनंतर सगळ्या प्रौढ पुरुषांना नुकताच मताचा अधिकार मिळाला होता. खेड्यातला माणूस आता सरकार ठरवणार, ही धास्ती शहरातल्या बड्या लोकांना होतीच. तोच माणूस भिंतभर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

कुर्बे मागे हटला नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. पठ्ठ्याने जवळच स्वतःचा मांडव उभारला आणि तिकीट लावून चित्रं दाखवली. गर्दी फारशी झाली नाही, पण सरकारच्या शिक्क्याशिवाय चित्रकार थेट लोकांपुढे जाऊ शकतो, हे दिसलं.

पुढे १८७१ मध्ये पॅरिसमध्ये बंड झालं. बंडवाल्यांनी नेपोलियनच्या विजयाचा स्तंभ पाडला. कुर्बे त्यांच्यात सामील होता. बंड मोडल्यावर त्याला सहा महिने तुरुंगवास झाला. नंतर स्तंभ पुन्हा उभारायचा खर्चही त्याच्याच माथी मारला. तो स्वित्झर्लंडला पळाला. रक्कम ठरली ३ लाख २३ हजार फ्रँक. दरवर्षी १० हजारांचा हप्ता, म्हणजे तब्बल ३३ वर्षं फेड! पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला भरायचा होता. आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ ला, कुर्बे परक्या देशात वारला. वय अवघं ५८.

खडी फोडणाऱ्यांचं चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये जर्मनीत नष्ट झालं. अंत्यविधीचं चित्र वाचलं. कुर्बेच्या बहिणीने ते १८८१ मध्ये सरकारला दिलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ज्या शहराने ओर्नांच्या गावकऱ्यांना नावं ठेवली, त्याच शहरात आता जगभरातून आलेले लोक त्यांच्यासमोर उभे राहतात.

कुर्बेचे अवशेष १९१९ मध्ये गावी आणले गेले. त्याची माती अखेर ओर्नांलाच मिळाली.