तापवलं तर उडेल की मोडेल?

सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या प्रॅक्टिकलला निळा क्षार हातात पडला की तुमच्यापैकी निम्म्यांचं उत्तर तिथंच ठरलेलं असतं. कॉपर! मग ड्राय टेस्ट. कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर क्षार घ्यायचा आणि बर्नरवर धरायचा. कॉपर नायट्रेट असेल तर आधी पाणी सुटतं, मग तपकिरी धूर निघतो आणि तळाशी काळी पूड उरते. जर्नलमध्ये लिहायचं की विघटन झालं, कॉपर ऑक्साइड उरलं. व्हायवाला कुणी विचारलंच की कॉपर नायट्रेटची वाफ करता येईल का, तर सोलापुरातच काय, कुठल्याही कॉलेजात एकच उत्तर येईल: नाही सर, ते तापवलं की मोडतं.

बरीच वर्षं पुस्तकंही हेच सांगत होती. मग 1950 च्या दशकात इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात अ‍ॅडिसन आणि हॅथवे या दोघांनी पाण्याचा थेंबही नसलेलं कॉपर नायट्रेट तयार केलं. तांब्यावर पाण्यातल्या नायट्रिक आम्लाऐवजी त्यांनी द्रवरूप डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरलं. हवा काढून घेतलेल्या नळीत 150 ते 200 अंशांना तो क्षार न मोडता चक्क उडाला आणि नळीच्या थंड भागावर पुन्हा जमला. 1958 मध्ये त्यांनी त्याच्या वाफेचा दाब आणि वाफेतलं रेणुभारही मोजून प्रसिद्ध केलं. तुमच्या टेस्ट ट्यूबमध्ये हे होत नाही, कारण निळ्या स्फटिकात पाणी असतं. तापवल्यावर ते पाणीच नायट्रेटला तांब्यापासून तोडतं. पाणी नसेल तर प्रत्येक नायट्रेट आपल्या दोन ऑक्सिजननी तांब्याला धरून बसतो आणि अख्खा रेणू वाफेत जातो. पुढं टायटॅनियम, झिर्कोनियम यांची अशीच उडणारी नायट्रेट्स घेऊन ऑक्साइडचे पातळ थर बसवण्याचे प्रयोगही झाले.

पण हा लेख नॉटिंगहॅमचा नाही. जे तापवलं की मोडतं असं सगळे म्हणतात, ते खरंच मोडतं का, हा प्रश्न त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी कलकत्त्यात एका माणसानं विचारला होता. त्याचा क्षार नायट्रेटचा सख्खा भाऊ होता, एक ऑक्सिजन कमी असलेला. नायट्राइट. माणसाचं नाव प्रफुल्लचंद्र राय.

नाव तुम्ही ऐकलं असेल, बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये. बेंगॉल केमिकल्सचे संस्थापक, एका मार्काचा प्रश्न. त्या एका मार्कात त्यांचं रसायनशास्त्र कुठंच येत नाही, म्हणून ते जरा सविस्तर बघू.

2 ऑगस्ट 1861 रोजी रारुली गावात त्यांचा जन्म झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र जमीनदार, पण वाचनाचं वेड असलेले. पुढं मुलांच्या शिक्षणासाठी घर कलकत्त्याला आलं. हेअर स्कूलमध्ये असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा असा जबर त्रास झाला की शाळा सोडून गावी परतावं लागलं. जवळपास दोन वर्षं गेली. आज कुणाचं एक वर्ष ड्रॉप झालं तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं. या मुलानं ती वर्षं वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर काढली. पोट मात्र आयुष्यभरासाठी बिघडलं ते बिघडलंच, झोपेचीही तीच गत. पुढचं सगळं काम त्यांनी त्या किरकोळ, कुरकुरत्या शरीरावर केलं.

कॉलेज त्यांनी विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटनमध्ये केलं. तिथं विज्ञानाची नीट सोय नव्हती, म्हणून रसायनशास्त्राच्या तासाला ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन बसायचे. अलेक्झांडर पेडलर तिथं वर्गात प्रयोग करून दाखवत, आणि साहित्यात रमणारा हा मुलगा तिथंच रसायनाकडं वळला. 1882 मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले आणि 1887 मध्ये डी.एस्सी. झाले. विषय होता तांबं आणि मॅग्नेशियम गटातल्या धातूंची जोड-सल्फेट्स. दरम्यान 1857 च्या आधीचा आणि नंतरचा हिंदुस्थान या विषयावर निबंध लिहून ब्रिटिश राजवटीला चार शब्द सुनावूनही झाले होते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोरानं!

1888 मध्ये ते परत आले. हातात एडिंबरोची डॉक्टरेट, पण नोकरी नाही. शिक्षण खात्याची वरची श्रेणी व्यवहारात गोऱ्यांसाठीच होती. बरेच महिने जगदीशचंद्र बोस यांच्याकडं राहून काढल्यावर 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात हंगामी सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार महिना 250 रुपये. तेवढंच शिकलेल्या इंग्रजाला याच्या कितीतरी पट मिळायचं. त्यांनी तक्रार केली, ती ऐकली गेली नाही, आणि ते प्रयोगशाळेत गेले.

आता त्या भांड्याकडं येऊ.

1895 च्या सुमाराला त्यांना पाऱ्याची काही संयुगं करायची होती. त्यासाठी कच्चा माल म्हणून मर्क्युरस नायट्रेट जास्त प्रमाणात लागणार होतं. कृती सोपी: पारा घ्यायचा, त्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्ल ओतायचं आणि ठेवून द्यायचं. मर्क्युरस नायट्रेटचे स्फटिक रंगहीन असतात. त्यांनी बघितलं तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक जमले होते.

इथं जरा थांबा. तुमच्या प्रॅक्टिकलला पांढऱ्याऐवजी पिवळं आलं तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. बहुतेक जण भांडं बेसिनमध्ये रिकामं करतील आणि शेजारच्याच्या जर्नलमधून अपेक्षित निरीक्षण उतरवून घेतील. राय यांनाही सोपा खुलासा हाताशी होता: असेल एखादा बेसिक सॉल्ट, पाऱ्याच्या क्षारांत पिवळे बेसिक सॉल्ट निघतातच. पण द्रावण तर चांगलं आंबट होतं. इतक्या आम्लात बेसिक सॉल्ट तयार होऊन टिकेल कसा? ही विसंगती त्यांनी सोडली नाही. स्फटिक वेगळे करून त्यांचं पृथक्करण केलं आणि निघालं मर्क्युरस नायट्राइट.

हे एवढं धक्कादायक का, ते समजून घ्या. मर्क्युरस आयनात पाऱ्याचे दोन अणू हातात हात घालून असतात आणि संधी मिळताच फुटतात, एक साध्या पाऱ्याकडं, दुसरा मर्क्युरिककडं. नायट्राइटही तसाच. आम्ल लागलं की तपकिरी धूर सोडतो, तुम्ही सौम्य सल्फ्युरिक आम्लाची टेस्ट करता ती याच स्वभावावर. म्हणजे दोघंही अस्थिर. अशा दोघांचा संसार टिकणार नाही, असाच समज होता. तो टिकला, कारण गार आम्लात पाऱ्याच्या पृष्ठभागावर नायट्रिक आम्लाचं थोडं थोडं नायट्रस आम्ल होत राहतं आणि जास्तीचा पारा मर्क्युरसला फुटू देत नाही. घाई करून तापवलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं.

1896 मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात शोधनिबंध आला आणि लंडनच्या नेचरनं त्याची दखल घेतली. त्यानंतर नायट्राइट हा त्यांचा पुढच्या कित्येक वर्षांचा ध्यासच झाला. सोडियम नायट्राइट आपल्या गावाला परकं नाही. सुती सुतावर नॅप्थॉलचा लालभडक रंग चढवायचा तर बेसला आधी नायट्राइट आणि आम्लानं तयार करावं लागतं, हे कुठलाही जुना रंगारी सांगेल. पण राय यांचा रस त्याच्या उपयोगात नव्हता. तो टिकतो कधी आणि मोडतो कधी, हे त्यांना हवं होतं.

संशोधन एकीकडं चालू असतानाच ते कारखानाही काढत होते. 1892 मध्ये 700 रुपयांच्या भांडवलावर, राहत्या घरी, 91 अप्पर सर्क्युलर रोड इथं बेंगॉल केमिकल वर्क्स सुरू झालं. औषधासाठी सोडियम फॉस्फेट करायचं तर हाडं लागणार. खाटकांकडून आणलेली हाडं गच्चीवर वाळत घातली आणि ऐन हिवाळ्यात पाऊस आला. हाडांत किडे पडले, कावळे जमले, वासानं शेजारी हैराण झाले. शेवटी ती हाडं दुसरीकडं हलवून जाळावी लागली. स्टार्टअपच्या गोष्टींत असा भाग सहसा कुणी सांगत नाही. 1901 मध्ये ती लिमिटेड कंपनी झाली. आज ती सरकारी आहे, आणि कोरोनाच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या बातम्यांत तिचं नाव पुन्हा आलं होतं.

याच सुमाराला आपले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यात राहत. राय त्यांच्या शेजारीच, रोजचं येणंजाणं. 1902 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतून आलेले एक तरुण बॅरिस्टर महिनाभर गोखल्यांकडं मुक्कामाला होते. गोखल्यांनी त्यांची राय यांच्याशी ओळख करून दिली ती अशी, की या प्राध्यापकाला महिना 800 रुपये पगार आहे, स्वतःसाठी तो 40 ठेवतो आणि बाकीचे लोकांच्या कामाला देतो. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. तरुण बॅरिस्टर म्हणजे गांधीजी. त्यांनी आत्मचरित्रात हे नोंदवून ठेवलंय. कलकत्त्यात गांधीजींचं जाहीर व्याख्यान घडवून आणण्यात राय यांचा पुढाकार होता.

त्याच 1902 मध्ये त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड आला, 1909 मध्ये दुसरा. आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे हे हस्तलिखितं शोधून, तपासून मांडलेलं काम आहे ते, उगाच अभिमानाचा ढोल नाही. त्यात वापरलेल्या ग्रंथांपैकी रसरत्नसमुच्चय पुण्याच्या आनंदाश्रमानं आधीच छापला होता.

आणि मग अमोनियम नायट्राइट. अकरावी-बारावीत तुम्ही नायट्रोजन वायू तयार करण्याची कृती शिकता: अमोनियम क्लोराइड आणि सोडियम नायट्राइट यांचं द्रावण तापवायचं. मधल्या पायरीत अमोनियम नायट्राइट होतं आणि लगेच मोडून नायट्रोजन आणि पाणी देतं. समीकरण इतकं पाठ असतं की त्या मधल्या बिचाऱ्याकडं कुणी बघतच नाही. राय यांनी बघितलं. शुद्ध अमोनियम नायट्राइट करायचं म्हणून त्यांनी सिल्व्हर नायट्राइट घेतलं. त्याच्याशी अमोनियम क्लोराइड मिसळलं की सिल्व्हर क्लोराइडचा साका खाली बसतो आणि वर हवं ते द्रावण उरतं. मग निर्वात नळीत, अगदी हळू तापवत त्यांनी दाखवलं की त्यातला काही भाग मोडत असला तरी बराचसा न मोडता उडतो आणि थंड जागी पुन्हा स्फटिक होऊन बसतो. सोलापूरचा कोरडा मे तुम्हाला माहीत आहे. कलकत्त्याचा उन्हाळा दमट, चिकट, आणि हा क्षार तर ओलावा आणि ऊब दोन्हींना भिणारा. अशा हवेत हे करायचं म्हणजे चिकाटीची कमाल होती.

1912 मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या विद्यापीठांच्या परिषदेला कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले, तेव्हा तिथल्या केमिकल सोसायटीपुढं त्यांनी अमोनियम नायट्राइटच्या वाफेच्या घनतेवरचं काम मांडलं. नोबेल मिळवलेले विल्यम रॅम्झी यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. जे टिकतच नाही असं सगळे धरून चालले होते, त्याच्या वाफेचं माप हा माणूस घेऊन आला होता. हवा काढायची, हळू जायचं, ही तीच वाट, जिच्यावरून पुढं तांब्याचं नायट्रेटही उडालं.

1916 मध्ये ते राजाबाजारच्या नव्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक म्हणून गेले आणि तिथल्याच एका खोलीत राहू लागले. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर हे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. माझ्या मते त्यांच्या स्वतःच्या शंभरावर शोधनिबंधांपेक्षा ही यादी मोठी आहे. 1919 मध्ये सरकारनं सर केलं, ते त्यांनी घेतलं. दोन-चार वर्षांतच ते खादीचा प्रचार करत गावोगाव फिरत होते. रसायनाचा कारखाना काढलेला माणूस चरख्याची बाजू घेतो, हे आपल्यासारख्या गिरणगावात तरी वादाला चांगलंच कारण ठरलं असतं. त्यांचं गणित शेतकऱ्याच्या रिकाम्या महिन्यांचं होतं. 1922 मध्ये उत्तर बंगालात महापूर आला तेव्हा मदतकार्याची सूत्रं त्यांच्याकडं होती, आणि राबायला कॉलेजची पोरं होती. 1924 मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष.

साठी पूर्ण झाल्यावर नियमानं निवृत्त व्हायचं होतं. विद्यापीठानं मुदत वाढवली, तर त्यांनी पुढचा सगळा पगार रसायनशास्त्र विभागालाच देऊन टाकला. असं पंधरा वर्षं, 1936 मध्ये पंच्याहत्तरीला निवृत्त होईपर्यंत. त्यानंतरही ते सायन्स कॉलेजच्या त्याच खोलीत राहिले. 16 जून 1944 रोजी तिथंच त्यांचा मृत्यू झाला.

पिवळ्या स्फटिकांवर शंका घेणारे बरेच दिवस होते. 1980 च्या दशकात क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली गेली. दोन पारे एकमेकांना धरून आणि दोन्ही बाजूंना नायट्राइट. राय यांनी तराजू आणि ब्युरेटवर जे सूत्र लिहिलं होतं, तेच.